सिबिलमधून नाव काढून देतो म्हणणाऱ्यांना उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या मावसभावाने मला एक संदेश पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, "दादा, हे खरं असेल तर मी उद्याच पैसे भरतो." संदेशाचा मजकूर असा होता : रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमामुळे थकबाकीदाराचे नाव पंधरा दिवसांत सिबिलमधून (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीतून) काढता येते, राइट ऑफ झालेले कर्ज माफ झालेले असते, सेटलमेंट (कमी रकमेत तडजोड) केली की रेकॉर्ड स्वच्छ होते, तीन वर्षे गप्प राहिले तर नोंद आपोआप जाते, आणि हे सारे करून देणाऱ्या सल्लागाराचे शुल्क ७,५०० रुपये. हाच संदेश आमच्या सोसायटीच्या गटात यापूर्वी दोनदा येऊन गेला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. बँकेच्या कर्ज विभागात वीस वर्षे काम केलेल्या माणसाने तो तसा सोडायला नको होता, कारण ज्याचे दुकान बंद पडले आहे आणि ज्याला मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवे आहे, त्याला ७,५०० रुपयांत सुटका होते हे ऐकले की विश्वास ठेवावासाच वाटतो.

मुळात 'सिबिलमध्ये नाव आले' ही आपली बोलण्याची पद्धतच चुकीची आहे. ज्याने एकदा तरी कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतले, त्याचे नाव तिथे असते. हप्ता कधीही न चुकवणाऱ्याचेही असते. शिवाय अशा नोंदी ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्या एक नाही, चार आहेत : सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आपली माहिती चौघींनाही देतात. त्यामुळे 'सिबिलमध्ये आमचा माणूस आहे' असे कोणी सांगत असेल, तर उरलेल्या तिघींचे काय, हे त्याला विचारावे.

आता सगळ्यात घातक मुद्दा, पंधरा दिवसांत नोंद पुसण्याचा. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्यातील कलम २१ याबाबत अगदी स्पष्ट आहे. कर्जदाराने विनंती केल्यास ३० दिवसांत नोंदीत दुरुस्ती करण्यासाठी पावले उचलावीत असे ते सांगते. पण कोणतीही दुरुस्ती, भर किंवा वगळणे हे संबंधित कर्ज देणाऱ्या संस्थेने ते बरोबर असल्याचे प्रमाणित केल्यानंतरच करता येते, अशी अटही त्याच कलमात घातलेली आहे. म्हणजे ज्या बँकेचे पैसे थकले आहेत, ती बँक जोवर हो म्हणत नाही, तोवर सल्लागार तर सोडाच, सिबिलचा अधिकारीसुद्धा ती ओळ हलवू शकत नाही. खरी नोंद पुसण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने काढलेला नाही.

मग हे लोक ७,५०० रुपये घेऊन करतात तरी काय? तुमचा पॅन आणि मोबाइलवर आलेला ओटीपी घेऊन ते सिबिलच्या संकेतस्थळावर तुमच्याच नावाने खाते उघडतात आणि 'हे कर्ज माझे नाही' अशी तक्रार नोंदवतात. तक्रारीची चौकशी चालू असेपर्यंत तुमच्या पत अहवालात (म्हणजे या नोंदींच्या उताऱ्यात) त्या कर्जापुढे तसा शेरा दिसतो. त्याचा फोटो काढून काम झाल्याचे सांगितले जाते आणि उरलेले पैसे मागितले जातात. पुढे बँक तक्रार फेटाळते, थकबाकी जिथल्या तिथे राहते, आणि खोटे विधान मात्र तुमच्या नावावर जमा होते. तुमच्या सगळ्या कर्जांचा तपशील, जन्मतारीख आणि पत्ता एका अनोळखी माणसाच्या हाती जातो, ते वेगळेच.

भावाला मी त्याचाच अहवाल उघडून दाखवला. प्रत्येक कंपनीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो, आणि स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर (या नोंदींवरून ठरणारा पतगुण) कमी होत नाही. त्यात प्रत्येक खात्याखाली महिन्या-महिन्यांचे चौकोन असतात आणि हप्त्याला किती दिवस उशीर झाला तो आकडा चौकोनात असतो. त्याच्या क्रेडिट कार्डाच्या रांगेत आधी ००० होते, मग ०३०, ०६१, ०९२ असे आकडे चढत गेले होते. ९० दिवसांच्या पुढे खाते एनपीए (थकीत कर्ज) होते, ते असे. मात्र खालच्याच पानावर दुचाकीचे कर्ज अजून बाकी दाखवले होते. ते त्याने २०२१ मध्ये फेडले होते आणि नो ड्यूजचा (काही बाकी नसल्याचा) कागद कपाटात होता. क्रेडिट कार्डाची नोंद खरी आहे, ती पैसे भरूनच सुधारेल. दुचाकीची नोंद चुकीची आहे, ती फुकट दुरुस्त होते.

संदेशातल्या 'नव्या नियमा'त अर्धे सत्य आहे ते इथेच, आणि ते मान्य करायला हवे. २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले की तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पण ती भरपाई तक्रारीच्या दिरंगाईची आहे. तिच्यामुळे थकबाकी मिटत नाही.

राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे. बँक आपल्या ताळेबंदातून ते येणे काढते, कर्जदाराची जबाबदारी तशीच राहते आणि वसुली चालू राहते. केंद्र सरकारने हे संसदेत अनेकदा सांगितले आहे.

सेटलमेंटबद्दलचा गैरसमज जास्त त्रास देतो, कारण त्यात माणसाने खरोखर पैसे भरलेले असतात. तीन लाखांच्या बाकीवर बँकेने दीड लाख घेऊन प्रकरण मिटवले, तर नोंद 'सेटल्ड' अशी होते, 'क्लोज्ड' अशी नाही, आणि पुढची बँक त्याचा अर्थ या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत असाच घेते. अगदीच मार्ग नसेल तर सेटलमेंट करावी, पण नोंद कशी जाईल हे सही करण्यापूर्वी लेखी विचारावे. उरलेली रक्कम नंतर भरून नो ड्यूज मिळवले, तर बँक नोंद बदलून कळवू शकते.

तीन वर्षांची मुदत ही बँकेने वसुलीचा दावा लावण्यासाठी मुदतीच्या कायद्यात आहे, आणि गहाण स्थावर मालमत्तेवरच्या दाव्याला तर ती १२ वर्षे आहे. अहवालाशी तिचा संबंध नाही. पतमाहिती कंपन्यांना माहिती किमान सात वर्षे जपावी लागते.

दुचाकीच्या कर्जाची तक्रार आम्ही त्याच रात्री नो ड्यूजचा फोटो जोडून ऑनलाइन नोंदवली. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि तिथेही शुल्क नाही. क्रेडिट कार्डाच्या बाकीचा व्याजासह लेखी हिशेब मागणारे पत्र मी त्याला लिहून दिले आहे. ते तो सोमवारी शाखेत देऊन पोच घेणार आहे.