प्रतिक्रियेला उत्तर: ठाण्यात मागे राहिलेला पाचवा

जय ख्रिस्त, काका.

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की आत्मिक थंडपणाला मी ‘थकवा’ म्हणून गोंजारलं. प्रकटीकरणाच्या पुस्तकात लावदिकीयाच्या मंडळीला प्रभूने कोमट म्हटलं, तोंडातून ओकून टाकीन म्हणून बजावलं, आणि मी मात्र तरुणांना सांगते की मन लागत नसेल तर घाबरू नका. शेवटी तुम्ही विचारलंत: ज्या ठाण्यात 1321 साली चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघातल्या) मिशनऱ्यांनी ख्रिस्तासाठी प्राण दिले, तिथल्या विश्वासी बाईला असं लिहिताना काहीच वाटत नाही का?

वाटतं, काका. म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

आधी माझी चूक. त्या अख्ख्या लेखात ‘पश्चात्ताप’ हा शब्द एकदाही नव्हता. तुम्ही दाखवलंत तेव्हा लक्षात आलं, आणि तो का नव्हता हेही कळलं. मंडळीतल्या एका बहिणीशी मी दीड वर्ष बोलत नाही. कारण क्षुल्लक आहे, ते इथे नको. पण तिच्या मागच्या बाकावर बसून मी प्रभुभोजन घेत राहिले, आणि घरी येऊन म्हणत राहिले की हल्ली उपासनेत काही जाणवत नाही. याला थकवा म्हणणं खोटं होतं. लावदिकीयाला प्रभू ‘आस्था बाळग आणि पश्चात्ताप कर’ म्हणाला, ते मला लागू आहे.

तरी तुमचं सगळं मला पटत नाही. लावदिकीयाचं दुखणं पुढच्याच वचनात आहे. ती मंडळी म्हणत होती, मी श्रीमंत आहे, मला काही उणं नाही. ज्याला आपला कोरडेपणा रात्री झोपू देत नाही, तो असं म्हणत नाही. त्या दोघांना एकाच शब्दाने झोडपलं तर पहिला ऐकत नाही आणि दुसरा मोडतो. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला स्पर्श करून उठवलं, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. ‘तू येथे काय करीत आहेस?’ हा प्रश्न त्याला होरेब डोंगरावर विचारला गेला, तेही चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. प्रश्न टळला नाही, पण भाकर आधी आली.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इवाग्रियस नावाच्या संन्याशाने या मरगळीचं इतकं बारीक वर्णन केलंय की वाचताना मी चपापले. स्तोत्र 91 मधल्या भर दुपारच्या अरिष्टावरून तो तिला दुपारचा दुरात्मा म्हणतो. दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू सारखा खिडकीकडे बघतो, बांधवांमध्ये प्रेम उरलं नाही असं त्याला वाटू लागतं, आणि मग दुसरीकडे कुठेतरी देव जास्त सहज भेटेल असंही. पूर्वी मी एका वर्षात दोन मंडळ्या बदलल्या. दोन्ही वेळा वाटलं होतं की दोष तिथल्या उपदेशाचा आहे. इवाग्रियसचा सल्ला साधा आहे: खोली सोडू नकोस.

आता त्या चौघांविषयी. त्यांच्याबरोबर आलेला पाचवा माणूस मला जास्त जवळचा वाटतो. जॉर्डन हा डोमिनिकन, म्हणजे संत डोमिनिकच्या संघातला. चौघे मारले गेले तेव्हा तो भडोचच्या दिशेने गेलेला होता. परत येऊन त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. मग तो इथेच राहिला. 1324 च्या जानेवारीत ठाण्याहूनच त्याने आपल्या बांधवांना पत्र लिहिलं. अडीच वर्षं एकटा आहे, शरीर दुखण्यांनी पोखरलंय, लोक छळतात, आणि सोबत्यांबरोबरचा तो हुतात्म्याचा मुकुट आपल्या वाट्याला आला नाही याचं दुःख त्याने त्यात उघड मांडलंय. त्यात कुठलाही जोश नाही, काका. पण तो माणूस काम करतच होता, आणि पुढे 1329 मध्ये केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमला गेला. चौघांचं धैर्य थोड्याच दिवसांत दिसलं. याचं दिसायला वर्षं लागली. थंड पडलेल्या तरुणाला मी त्या चौघांची गोष्ट सांगू की जॉर्डनची, तर जॉर्डनची सांगेन.

तुम्ही असंही विचारलंत की मग उपाय काय, नुसतं बसून राहायचं? नाही. प्रकटीकरणातच इफिसच्या मंडळीला पहिली प्रीती सोडल्याबद्दल दोष दिल्यावर प्रभू म्हणतो, ‘आपली पहिली कृत्ये कर’. पहिल्या भावना परत आण, असं तो म्हणत नाही. भावना मला हुकमाने आणता येत नाहीत, कृत्यं येतात. आमच्या खारीगावात एक आजी आहेत, मोतीबिंदूने त्यांचं वाचन सुटलंय. वागळे इस्टेटमधून सुटले की दर गुरुवारी मी कळव्याला उतरून आधी त्यांच्याकडे जाते आणि एक अध्याय मोठ्याने वाचते. सुरुवातीचे कित्येक आठवडे मला त्यातलं काहीही भिडलं नाही. आजींना भिडत होतं, मी फक्त आवाज देत होते. एकदा यिर्मयाच्या विलापगीताच्या मध्येच त्या म्हणाल्या, ‘थांब गं, ते पुन्हा वाच.’ पुन्हा वाचताना माझाच घसा दाटला. तसं त्यानंतर दोनदाच झालं. गुरुवार मात्र एकही चुकला नाही.

मागच्या लेखात मी ‘पश्चात्ताप’ हा शब्द घालून एक परिच्छेद वाढवला आहे, तो जरूर वाचा. आणि त्या बहिणीला शनिवारी फोन केला होता. तिने उचलला नाही. उद्या उपासना सुटल्यावर तिच्या बाकाजवळ थांबणार आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा.