वारसांना आयुष्यभर गुंतवून ठेवण्याची खात्रीशीर पद्धत

आत्याला जाऊन येत्या महिन्यात दीड वर्ष होईल. तिच्या मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे ते अमलात आणणारी व्यक्ती, म्हणून माझे नाव आहे आणि प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयाच्या दाखल्याचा, अर्ज दाखल होऊन वर्ष उलटत आले आहे. एवढ्या काळात मी जे शिकले ते स्वतःपाशीच ठेवणे स्वार्थीपणाचे ठरेल. तेव्हा जवळच्या माणसाची मिळकत शक्य तितकी वर्षे लोंबकळत ठेवण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी काही अनुभवसिद्ध सूचना येथे देत आहे.

मृत्युपत्र करणाऱ्याने साक्षीदार निवडताना ते आपल्याहून वयाने मोठे असतील याची काळजी घ्यावी. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे निदान दोन साक्षीदार लागतात. त्यांच्या वयाला वरची मर्यादा नाही आणि या सवलतीचा पुरेपूर लाभ घेतला पाहिजे. आत्याने वयाच्या ७८ व्या वर्षी मृत्युपत्र केले, तेव्हा तिच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि शेजारचे डॉक्टर यांच्या सह्या घेतल्या. दोघेही तिला वडीलधारे. पुढे मृत्युपत्र सिद्ध करताना यांपैकी एकाने तरी साक्ष द्यावी लागते, हा विषय त्या मंगल प्रसंगी काढणे अशुभ असते. त्यांचे पत्ते आणि फोन नंबर लिहून ठेवणे तर साफ अविश्वासाचे लक्षण.

मूळ मृत्युपत्र केवळ स्वतःच्या नावावर असलेल्या लॉकरमध्ये ठेवावे.

प्रत्येक कागदावर नाव वेगळे लिहावे. पासबुकात आद्याक्षरे, आधारवर पूर्ण नाव, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर माहेरचे आडनाव. या तिन्ही स्त्रिया एकच होत्या, असे प्रतिज्ञापत्र नंतर वारसांना करू द्यावे; त्यांनाही काही काम हवे.

ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले असेल त्याला ‘आता सगळे तुझेच’ असे सांगून ठेवावे. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ मध्ये आणि शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्ये सांगितले आहे. पण घरातील भांडणात सर्वोच्च न्यायालयाला कोण विचारतो? उलट बाजूने, बँकेत नॉमिनी रीतसर नोंदवलेला असला तरी अधिकाऱ्याने ‘प्रोबेट आणा’ म्हटले की निमूटपणे परत यावे. अशा वेळी प्रोबेट किंवा सक्सेशन सर्टिफिकेट (न्यायालय देते तो उत्तराधिकाराचा दाखला) मागू नये आणि कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच सांगितलेले आहे. ते परिपत्रक मी छापून नेले होते. अधिकाऱ्यांनी ते आदराने वाचले, ‘आमच्या लीगलला विचारतो’ म्हणाले आणि त्याची एक झेरॉक्स मागितली.

सक्सेशन सर्टिफिकेट काढले की फ्लॅटही नावावर होतो, असे ठामपणे सांगणारा एक नातेवाईक प्रत्येक घरात असतो. ते येणी आणि रोख्यांपुरतेच असते, हे त्याला सांगून त्याचे मन दुखवू नये.

आता वकिलाविषयी. वकील नेहमी ओळखीतला पाहावा, म्हणजे त्याला जाब विचारताना आपल्यालाच संकोच वाटतो. संपूर्ण फी आगाऊ द्यावी आणि पावती मागू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्जाचा क्रमांक कधीही विचारू नये, कारण तो हाती आला की न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरणाची स्थिती कोणालाही घरबसल्या दिसते आणि मग श्रद्धेला जागाच उरत नाही. माझी श्रद्धा अढळ होती. दर पंधरा दिवसांनी मी फोन करी. सकाळी साहेब कोर्टात असत, दुपारी कॉन्फरन्समध्ये, संध्याकाळी ‘आत्ताच निघाले’. कधी सापडलेच तर उत्तर ठरलेले: ‘ताई, तारीख लागायची आहे, हे असेच चालते.’ मृत्यूनंतर सात दिवस पुरे होईपर्यंत प्रोबेट देऊ नये, अशी तरतूद याच अधिनियमाच्या कलम २९३ मध्ये आहे. काम फार वेगाने होऊन जाईल अशी चिंता ज्यांना वाटली, त्या १९२५ सालच्या सज्जनांना माझे साष्टांग नमस्कार.

गेल्या मंगळवारी माझ्या मुलीने जुन्या झेरॉक्सवरच्या शिक्क्यातून तो क्रमांक शोधला आणि संकेतस्थळावर टाकला. तारीख लागायची नव्हतीच. अर्ज सात महिन्यांपासून त्रुटींमध्ये पडून होता. त्रुटी तीन: मिळकतीच्या परिशिष्टाच्या एका पानावर माझी सही नाही, मृत्यूच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट आहे आणि साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र जोडलेले नाही. अर्ध्या दिवसाचे काम. सही करायला मी होते, दाखला माझ्या कपाटात होता आणि मुख्याध्यापक तर स्वतः फोन करून विचारत होते, ‘बाळ, कुठे यायचे ते सांग, मी रिक्षाने येतो.’ मी त्यांना सांगत राहिले, ‘सर, वकील कळवतील.’

वकिलांनी कळवले नाही. तीन महिन्यांपूर्वी सर गेले. डॉक्टर अजून आहेत, पण त्यांना भेटायला गेले तर ते मला आत्याच समजले आणि गुडघा कसा आहे म्हणून विचारू लागले.

यात उपरोध करण्यासारखे काही उरलेले नाही. वकीलसाहेब, तुम्ही आळस केलात आणि वर खोटे बोललात. कायदा किचकट असल्याची सबब सांगू नका, कारण तुमचे काम कायद्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. ते एका कोऱ्या सहीपाशी अडले होते. एका म्हाताऱ्या शिक्षकाने रिक्षाने येण्याची तयारी दाखवली होती आणि तुम्हाला एक फोन फिरवता आला नाही. आणि मी? ‘तारीख लागायची आहे’ हे वाक्य वर्षभर ऐकून घेतले, कारण ते माझ्या मावसभावाचे मित्र आहेत. तुम्ही हे वाचत आहात, तुमच्याही घरातली एखादी फाइल अशीच कोणाकडे तरी ‘चालू’ आहे आणि तुम्हीही क्रमांक विचारलेला नाही. लाजता कशाला? फी मोजताना लाजला होतात का?

नव्या वकीलबाईंनी दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतले. साक्ष देऊ शकेल असा साक्षीदार उरला नसेल तर निदान एका साक्षीदाराचे आणि मृत्युपत्र करणाऱ्याचे हस्ताक्षर ओळखणाऱ्या माणसांकडून ते सिद्ध करावे लागते, असे त्या म्हणाल्या. आत्याचे मी ओळखते. सरांचे ओळखेल असा त्यांचा मुलगा आहे, म्हणून काल त्याच्याकडे गेले होते. त्याने सही पाहिली, बराच वेळ पाहत राहिला आणि प्रतिज्ञापत्र करून द्यायला तयार झाला. मग चहा घेताना त्याने संकोचत विचारले, की बाबांचीही थोडी मिळकत आहे, तर माझ्या ओळखीत कोणी वकील आहे का.