अमेरिकेत म्हणे एका संध्याकाळी दहा पिढ्या सापडतात!

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आलाच असेल. म्हणणं थोडक्यात असं की अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी प्रत्येक माणसाचं नाव सरकारने लिहून ठेवलंय, ते सगळं ऑनलाइन आहे, त्यामुळे तिथला कुणीही लॅपटॉप उघडून एका संध्याकाळी दहा पिढ्या काढतो. मधला दुवा सापडला नाही तर समजायचं की तो कागद इंग्रजांनी जाळला, नाहीतर एलिस आयलंडवरच्या (न्यूयॉर्कजवळचं, परदेशातून आलेल्यांना तपासून आत घेण्याचं ठाणं) कारकुनाने आडनाव बदललं. आणि आपल्याकडे पणजोबांच्या मागे सगळा अंधार. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

आमच्या सूनबाईंचं माहेर केंटकीतलं, त्यांच्या घराण्याचे कागद शोधायचा नाद मला तिथून लागला, म्हणून हे वाचून गप्प बसवत नाहीये.

पहिलं, "प्रत्येक माणसाचं नाव". साफ चूक. १७९० च्या सेन्ससच्या, म्हणजे जनगणनेच्या, कागदावर नाव फक्त घरातल्या कर्त्याचं, आणि त्यापुढे नुसते आकडे: सोळा आणि त्यावरचे गोरे पुरुष किती, सोळाच्या आतले किती, गोऱ्या बायका किती (यांचं वयसुद्धा नाही, तान्ही पोर आणि ऐंशीची म्हातारी एकाच रकान्यात), इतर स्वतंत्र माणसं किती, गुलाम किती. संपलं. सरकारला तुमचे खापरपणजोबा कोण यात काडीचा रस नव्हता, काँग्रेसमधल्या (म्हणजे त्यांच्या संसदेतल्या) जागा वाटायच्या होत्या आणि लढायच्या वयाचे पुरुष किती ते बघायचं होतं. पुढे वयाचे रकाने वाढले, पण हे असंच १८४० पर्यंत चाललं, अपवाद म्हणाल तर १८४० ला युद्धाची पेन्शन घेणाऱ्यांची नावं वेगळी लिहिली तेवढाच. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आलं १८५० ला, आणि कर्त्याशी नातं काय हा रकाना आला १८८० ला! म्हणजे १८५० च्या घरात कर्त्याखाली जी बाई दिसते ती बायको असेल, दुसरी बायको असेल, विधवा बहीणही असेल, आणि लोक बिनदिक्कत "आई" म्हणून झाडाला लटकवून मोकळे होतात.

दुसरं, "एका संध्याकाळी". यावर जरा सविस्तर बोलतो कारण खरी गंमत इथेच आहे. आपण सगळ्यांना माहीत असलेलं घराणं घेऊ, अब्राहम लिंकनचं. इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डचा सेन्सस बघा, १८५० ला त्यांची बायको मेरी २८ वर्षांची आणि १८६० ला ३५. दहा वर्षांत बाई सातच वर्षांनी मोठ्या झाल्या, आणि खरं वय धरलं तर १८६० ला त्या ४१ च्या होत्या. हे अख्ख्या गावाला ठाऊक असलेल्या वकिलाच्या घरातलं! मग रानातल्या शेतकऱ्याचं वय शेजाऱ्याने अंदाजपंचे सांगितलं असेल तर त्यावर काय भरवसा ठेवणार.

आता एक पिढी मागे चला. लिंकनच्या आईवडिलांचं लग्नच झालं नव्हतं अशी कुजबुज कितीतरी वर्षं चालली होती, कारण ते दोघं जिथे राहिले त्या हार्डिन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) दप्तरात लग्नाची नोंद मिळत नव्हती. नोंद होती, पण वॉशिंग्टन काउंटीत! १० जून १८०६ चा लग्नाचा बाँड (लग्नाआधी लिहून द्यायचा हमीचा कागद), त्यावर नवरा थॉमस लिंकन आणि नवरीकडचे रिचर्ड बेरी यांच्या सह्या, आणि १२ जूनला लग्न लावणारे पाद्री जेसी हेड यांनी नंतर कोर्टात दिलेली यादी. मुलगी जिथली तिथे लग्न लागलं, बाकी काही भानगड नव्हती. ते सापडलं लिंकन गेल्यावर.

अजून एक पिढी मागे गेलात की आजोबा, त्यांचंही नाव अब्राहम. व्हर्जिनियातली त्यांची वस्ती आधी ऑगस्टा काउंटीत होती, १७७८ मध्ये तिच्यातून रॉकिंगहॅम काउंटी काढली, म्हणजे माणूस जागचा हलला नाही आणि दप्तर बदललं. जुन्या काउंटीत नाव सापडत नाही म्हणून "कुठेतरी निघून गेले" असं लिहिणारे मी पाहिलेत. मग १७८० मध्ये त्यांनी केंटकीतल्या चारशे एकरांचं वॉरंट (जमीन मिळण्याच्या हक्काचा कागद) घेतलं, त्यावर नाव काय तर लिंकहॉर्न. सर्चमध्ये लिंकन टाईप करून बसा रात्रभर.

आणि सगळ्यात भारी गोष्ट पुढे आहे. हे आजोबा १७८६ मध्ये आपल्या शेतात मारले गेले असं सर्वसाधारणपणे मानलं जातं, मृत्युपत्र नव्हतं. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग, आणि तिथल्या जुन्या कायद्याने मृत्युपत्र नसेल तर जमीन सगळी थोरल्या मुलाची. हा कायदा बदलून लागू झाला १ जानेवारी १७८७ ला. थोडक्यात चुकलं! जमीन गेली थोरल्या मोर्डेकायकडे, धाकटा थॉमस, म्हणजे अध्यक्षांचा बाप, कोरडा राहिला. आता कुणी वारसाहक्काच्या कागदात थॉमसचा हिस्सा शोधायला गेला तर त्याला तो मिळणार नाही आणि तो म्हणेल की हा त्यांचा मुलगाच नव्हे. कायदा माहीत नसेल तर कागद हातात असूनही उपयोग नाही.

म्हणून या कामातली जाणती माणसं सेन्सस बघतात तो फक्त कुठल्या काउंटीत जायचं ते कळायला, बाप कोण ते काउंटीच्या कोर्टातल्या कागदांवरून ठरवतात: मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, जमिनीची खतं, करयाद्या. आपल्याकडे सातबाऱ्याचे जुने फेरफार काढले की वारस कोण कोण ते उलगडतं ना, तसंच. जमीन विकताना बायकोचा हक्क सोडवून घ्यावा लागायचा, तिला बाजूला घेऊन विचारायचे की राजीखुशीने सोडतेस ना, त्यामुळे जिचं नाव सेन्ससमध्ये कुठेच नाही तिचं नाव खतात मिळतं. करयादीत एखादा पोरगा अचानक बापाच्या लगतच्या ओळीत दिसायला लागला की तो वयात आला असं समजायचं. ही पुस्तकं बरीचशी स्कॅन झालीत, फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट बघायलाही मिळतात, नाही असं नाही. पण हाताने केलेल्या जुन्या सूचीत नाव असतं विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, साक्षीदार आणि बांधाला बांध लागून असलेला शेजारी आतल्या पानावर, आणि बरेचदा सासरा तोच असतो. पान पान उलटावं लागतं हो. हल्ली मशीन ती अक्षरं वाचायला लागलंय, पण ते वाचतं काय नि लावतं काय हे बघायलाही माणूस लागतोच.

"जन्माचा दाखला असतोच की", असं त्या मेसेजखाली कुणीतरी लिहिलंय. मॅसॅच्युसेट्सने राज्यभर नोंदी सुरू केल्या १८४१ ला, आणि ते राज्य पुढे होतं, दक्षिणेत अनेक ठिकाणी विसावं शतक उजाडलं.

आता इंग्रज. १७९० च्या व्हर्जिनिया, केंटकी, जॉर्जिया, न्यू जर्सी वगैरेंच्या याद्या गायब आहेत हे खरं, आणि ऑगस्ट १८१४ मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळलं हेही खरं. पण त्या याद्या तेव्हा वॉशिंग्टनमध्ये असायचं कारणच नव्हतं, त्या ठेवायच्या जिल्हा कोर्टांच्या क्लार्ककडे, आणि तिथून राजधानीत मागवून घेण्याचा कायदा झाला १८३० ला. जे नव्हतंच ते कसं जाळणार? उलट खरा मोठा घात घरच्यांनीच केलाय. १८९० चा सेन्सस जानेवारी १९२१ मध्ये कॉमर्स खात्याच्या इमारतीच्या तळघरात आगीत सापडला, साधारण पाव भाग जळला, बरंचसं पाण्याने आणि धुराने खराब झालं, पण उरलेलं वाचवायचं सोडून १९३३ मध्ये काँग्रेसने नष्ट करायला परवानगी दिली. सहा कोटींवर माणसं मोजली होती, आज नावं उरलीत सहा हजारांच्या आसपास. आणि व्हर्जिनियातल्या कित्येक काउंट्यांनी उत्तर-दक्षिण यादवी युद्धात आपली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून दक्षिणेची राजधानी रिचमंडला पाठवली, आणि एप्रिल १८६५ मध्ये माघार घेणाऱ्या त्यांच्याच सैन्याने गोदामांना लावलेल्या आगीत ती गेली.

एलिस आयलंडचं एका वाक्यात: ते उघडलं १ जानेवारी १८९२ ला, तिथले अधिकारी जहाज कंपनीने निघतानाच बनवलेली यादी समोर ठेवून तपासायचे, नवीन नाव लिहून द्यायचेच नाहीत, आणि १७०० सालच्या घराण्याचा तर तिथे संबंधच काय!

"प्रत्येक" या शब्दावर परत येतो कारण तो मला सगळ्यात जास्त खटकला. १८५० आणि १८६० ला गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या, त्यात नाव मालकाचं, खाली वय, स्त्री की पुरुष, रंग. माणसाचं नाव नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांचं नाव सेन्ससमध्ये पहिल्यांदा आलं १८७० ला. त्याच्या मागे जायचं तर आधी मालक कोण ते हुडकायचं (आडनाव मालकाचंच असेल असंही नाही), मग त्याच्या मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी काढायची, तिथे घोडे, नांगर यांच्याबरोबर पहिलं नाव आणि पुढे डॉलरमध्ये किंमत. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेची खातेपुस्तकं त्यातल्या त्यात माणसासारखी आहेत, खातेदाराला आईबाप, भावंडं विचारून लिहिलेली. ही बँक चालली १८६५ ते १८७४. या लोकांच्या नातवंडांना जाऊन सांगा एका संध्याकाळी दहा पिढ्या म्हणून.

राहिलं आपल्याकडच्या अंधाराचं. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या काय शोभेला आहेत? मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घरातलं कोण कधी आलं होतं ते काढून दाखवतात, बायकांची नावं कमी, ही उणीव आहेच. कुलवृत्तांत आहेत, पुण्यात पेशवे दफ्तर आहे. आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांची मायक्रोफिल्म कुणी केली माहितेय? अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने, तीच पुढे फॅमिलीसर्च झाली.