आईचा कप किती मिलिलिटरचा होता?

आई गेल्यानंतर तिची पाककृतींची वही माझ्या वाट्याला आली आणि त्या वहीतला साधा केक माझ्या हातून ओळीने चार वेळा बिघडला. पानावर लिहिलेले सगळे मी तंतोतंत पाळले होते: दोन कप मैदा, एक कप साखर, अर्धा कप लोणी, तीन अंडी, पाव कप दूध, दीड चमचा बेकिंग पावडर. त्याखाली तिच्या तिरक्या अक्षरात ‘आच मंद, रंग बघून’ एवढेच. चारही वेळा केक कोरडा आणि जड झाला, आणि चौथ्या वेळी तर माझ्या मुलाने तो चहात बुडवून खाल्ला, तेही माझी समजूत काढण्यासाठी.

गंमत अशी की वास मात्र दर वेळी हुबेहूब आईच्या केकचा यायचा. फसगत नेमकी तिथेच होत होती. साखर आणि प्रथिने तापली की पृष्ठभाग तांबूस होतो आणि तो खमंग वास सुटतो. लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली ज्या अभिक्रियेचे वर्णन केले तीच ही, आणि पीठ थोडे जास्त पडले म्हणून ती काही थांबत नाही. शिवाय वासाचे संदेश दृश्य किंवा आवाज यांच्याप्रमाणे आधी थॅलॅमसकडे, म्हणजे मेंदूतल्या संदेश पुढे धाडणाऱ्या केंद्राकडे, न जाता मेंदूतल्या भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोचतात. त्यामुळे ओव्हनचे दार उघडले की क्षणभर आई स्वयंपाकघरात आहे असे वाटायचे आणि पहिल्या घासाला ती पुन्हा निघून जायची.

उलगडा झाला तो थोरल्या बहिणीकडे. तिच्या शिवणयंत्राशेजारी बटणे आणि रिळे ठेवलेला, कान तुटलेला, निळ्या काठाचा एक कप होता. मी सहज उचलून पाहिला तर ताई म्हणाली, “अरे, हा आईचा मैद्याचा कप. डब्यातच पडलेला असायचा, विसरलास का?” मी खरोखरच विसरलो होतो. बटणे काढून तो कप घरी आणला, काट्यावर ठेवला, काठोकाठ पाणी भरले. एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम, त्यामुळे उत्तर लगेच समोर आले: १९० मिलिलिटर. माझा बाजारातला मापाचा कप २४० चा.

एखाद्याला वाटेल, सगळेच कपाने मोजले तर प्रमाण तेच राहणार. कप लहान असो की मोठा, काय फरक पडतो? मलाही तसेच वाटत होते. पण अंडी कपाने मोजत नाहीत, ती नगावर मोजतात, आणि बेकिंग पावडर चमच्याने. माझ्या दोन कपांत आईपेक्षा सुमारे ५० ग्रॅम मैदा जास्त पडत होता, अंडी मात्र तीनच्या तीनच. तेवढ्याच अंड्यांच्या ओलाव्याला आणि तेवढ्याच पावडरीला जास्त पीठ उचलायला लावल्यावर केक जड होणारच. पाचव्यांदा आईच्या कपाने केला आणि तो जमला. अगदी तसाच झाला असे म्हणणार नाही, कारण तिच्या ओव्हनच्या बटणावरचे आकडे पुसून गेले होते आणि ती आत कागदाचा तुकडा ठेवून तो किती वेळात तपकिरी होतो यावरून आच ठरवत असे. तो अंदाज वहीत उतरलेला नाही आणि आता उतरणारही नाही.

म्हणूनच ‘प्रेमाने केलेल्या पदार्थाला माप लागत नाही’ हे जे कौतुकाने म्हटले जाते, त्याच्याशी मी मुळीच सहमत नाही. भाजीत मीठ कमी पडले तर नंतर घालता येते. ओव्हनमध्ये गेलेल्या केकला नंतर काहीच करता येत नाही. आणि माप नव्हते असे म्हणणे हा त्या बायकांवर, क्वचित पुरुषांवरही, अन्यायच आहे. त्यांचे माप होते, काटेकोर होते, फक्त ते एका विशिष्ट कपात, एका विशिष्ट मुठीत आणि डोळ्यांत साठवलेले होते. छापील पुस्तकांतही कप हे काही सर्वमान्य एकक नाही: अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा, जपानमधला २००. फॅनी फार्मर या अमेरिकी पाककृती-लेखिकेने १८९६ सालच्या आपल्या पुस्तकात सुरीने सपाट केलेल्या मापाचा आग्रह धरला, तो उगाच नव्हे. बेकिंग पावडरची कथा मला याहून आवडते. आल्फ्रेड बर्ड या इंग्लिश औषधविक्रेत्याने १८४३ साली आपली बेकिंग पावडर तयार केली, ती बायकोला यीस्ट सोसत नव्हते म्हणून. प्रेमाला माप लागत नाही म्हणणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

तेव्हा ज्यांच्या घरी असे कोणी अजून हातीपायी धड आहे, त्यांनी वहीचे फोटो काढून समाधान मानू नये. काटा घेऊन शेजारी बसावे, मैदा चाळण्याआधी मोजला की नंतर हे बघावे, कप आपटून भरला की अलगद, टिन किती रुंद, केक बाहेर काढताना कोणता रंग होता, हे सगळे लिहून ठेवावे. मूळ शब्द खोडू नयेत. ग्रॅम समासात लिहावेत.

मी सध्या मावशीच्या बिस्किटांच्या मागे लागलो आहे. तिचे माप मुठीचे. मागच्या रविवारी परात काट्यावर ठेवली आणि प्रत्येक मुठीनंतर आकडा टिपत गेलो: ४२, ४४, ४१, आणि मग एकदम ५५. मी मान वर केली तर मावशी म्हणाली, “तू असा टक लावून बघत बसलास ना, मग हात सैल सुटला. ती शेवटची मूठ लिहू नकोस.” मी लिहिली आहे, पण कंसात.