उत्तरं उतरवायला लेकरं कॉलेजात घातलीत का आपण?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

भाची माझ्याकडं राहून लातूरला बी.कॉम. करते, पहिलं वर्ष. उद्या गृहपाठ द्यायचा म्हणून वही घेऊन बसली होती. बघतो तर एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पेन. ग्रुपवर कोणीतरी सोडवलेल्या गणितांची पीडीएफ टाकलेली आणि अख्खा वर्ग तीच उतरवतोय. एक गणित होतं सध्याच्या दरानं दुचाकीवरचा जीएसटी काढायचं. किंमत 80,000. पीडीएफमध्ये 28 टक्क्यांनी 22,400. अरे, 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाडीला 18 टक्के लागतो! 14,400 होतात, निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. आठ हजारांचा फरक, आणि एकालाही शंका येत नाही.

माझा संताप दाजींच्या गाडीवरून आहे. मागं दाजींनी 90,000 कर्ज काढून गाडी घेतली. कर्जवाला पोरगा म्हणाला, "काका, फक्त बारा टक्के." 4,650 चे 24 हप्ते. सावकार महिन्याला शेकडा तीन घेतो, त्यापुढं बारा म्हणजे काहीच नाही असं घरात सगळ्यांना वाटलं. पण ते बारा टक्के फ्लॅट होते. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 90,000 वर. घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या देण्यावर व्याज धरून मांडलं तर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या पुढं जातं.

आणि हेच गणित भाचीच्या वहीत होतं हो! फ्लॅट दर आणि घटती शिल्लक, तुलना करा. पोरगी स्वतःच्या बापाचा हप्ता दुसऱ्याच्या अक्षरातून उतरवून घेत होती.

मान्य, उत्तर ताडून बघायला मोबाईल बरा. मास्तरांच्या गळ्यात पोरंही फार असतात. पण म्हणून सगळ्यांनी मिळून डोळे झाकायचे?

पोरगी आळशी नाही, हेही सांगतो. सोयाबीनच्या काढणीला सुट्टी काढून गावाकडं जाते, आल्यावर बुडालेलं सगळं लिहून काढते. मी ओरडलो तेव्हा गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "मामा, फ्लॅट म्हणजे नेमकं काय?" एवढं विचारल्यावर कसला राग राहतो? दाजींच्या हप्त्याचा कागद काढला, वहीत दोन रकाने पाडले. हप्त्यातले 3,750 मुद्दलाचे, 900 व्याजाचे. तिनं एकेक ओळ खाली उतरवली. चोविसाव्या ओळीला पेन थांबला. "मामा, देणं उरलंय 3,750 आणि व्याज अजून 900? हे तर महिन्याला शेकडा चोवीस झालं!" झालं. (पूर्ण दोन वर्षांचं धरलं तर सावकारापेक्षा कमीच पडतं, तेवढं मान्य करतो.)

1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेनं गाडी-घरासारख्या किरकोळ कर्जाआधी खरा वार्षिक दर लिहिलेला कागद देणं बँकांना आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक केलंय. दाजींची गाडी त्याच्या आधीची. पण तो कागद वाचणार कोण? पीडीएफ उतरवून पास झालेली लेकरं? वेळेत फेडलं तर 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं, मुदत हुकली की सवलत गेली, हेसुद्धा घरात मांडून दाखवणारं कोणीतरी पाहिजे ना. ज्या घरात कॉलेजला जाणारं पहिलंच लेकरू आहे, तिथं दुसरं कोण मांडणार?

प्रश्नही तसलेच काढतात. "अ ने ब ला 10,000 रुपये दिले." कोण अ, कोण ब? 2025-26 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 आणि दिवाळीत आडतीवर मिळाला त्याच्या कितीतरी खाली. सगळ्यांचा माल एकदम आला की भाव का पडतो, हे लातूरच्या पोराला आलेखावर शिकवायला अ आणि ब कशाला लागतात?

माझ्या यादीत प्राध्यापक मित्र बरेच आहेत. बाबांनो, दाजींच्या कागदाचा फोटो नाव-नंबर झाकून पाठवतो. त्यावर पुढच्या गृहपाठाला पाच प्रश्न काढा. त्यांची पीडीएफ कोणाकडंच नसेल.