एकही तारीख रिकामी जाता कामा नये

प्रत्येक गोतावळ्यात एक माणूस असा असतो, जो सकाळी दात घासायच्या आत ग्रुपवर विचारतो, ‘आज काय आहे, माहितीये का?’ तुमच्या गोतावळ्यात ही जागा अजून रिकामी असेल, तर वेळ दवडू नका. भांडवल जवळपास शून्य. मोबाइल, पहाटेची जाग आणि ‘हे ठरवलं कुणी?’ असं कोणी विचारलंच तर ऐकू न आल्यासारखं करायची सवय, एवढ्यावर दिनविशेषाचा उद्योग वर्षानुवर्षं चालतो.

सुरुवात विशेषणापासून करा. ‘राष्ट्रीय’, ‘जागतिक’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ या तीन शब्दांवर कोणाचाही पहारा नाही. संयुक्त राष्ट्रांची आमसभा जे दिवस पाळते, त्यांच्यामागे निदान ठराव तरी असतो. एखादा सदस्य देश प्रस्ताव आणतो, आमसभा तो मंजूर करते आणि मग १० फेब्रुवारी कडधान्यांच्या, २ मे ट्यूना माशाच्या, ३० मे बटाट्याच्या आणि १९ नोव्हेंबर शौचालयाच्या वाट्याला येतो. शौचालयाचा ठराव २०१३ चा, सिंगापूरने मांडलेला. या यादीची अडचण एवढीच की ती तपासता येते. म्हणून ती कधीही सुटी वापरू नका. कोणीतरी कुठेतरी ठरवलेल्या दिवसांत ती बेमालूम मिसळून टाका. दूध आणि पाणी वेगळं करणारा राजहंस ग्रुपवर नसतो. १९ नोव्हेंबरलाच आंतरराष्ट्रीय पुरुष दिनही येतो. त्यावरून जो विनोद तुम्हाला सुचला आहे, तो दरवर्षी सगळ्यांनाच सुचतो. तरी करा.

अमेरिकेतले ‘नॅशनल डे’ म्हणजे तर न संपणारी खाण. एके काळी तिथेही सोपस्कार होते. १९८४ साली काँग्रेसने ठराव केला आणि अध्यक्ष रेगन यांनी जुलै महिना आइस्क्रीमचा आणि त्यातला तिसरा रविवार आइस्क्रीम दिनाचा म्हणून जाहीर केला. अशा ठरावांत सभागृहाचा इतका वेळ जाऊ लागला की १९९५ मध्ये प्रतिनिधिगृहाने असले स्मरणदिनांचे प्रस्ताव मांडायलाच बंदी केली. तुम्हाला वाटेल, चला, आटोपलं. उलट सरकार बाजूला झालं आणि मैदान मोकळं झालं. आता खासगी कॅलेंडरवाले फी घेऊन दिवस ‘नोंदवतात’ आणि भिंतीवर लावण्याजोगं घोषणापत्रही देतात. जपानमध्ये तर स्मरणदिनांची नोंदणी करणारी संघटना १९९१ पासून आहे. या नोंदणीला कायद्यात किती वजन आहे, हा प्रश्न पोस्टच्या खाली कोणी विचारत नाही. पोस्टच्या वर तुम्ही विचारू नका.

आइस्क्रीम दिनाचा उल्लेख झालाच आहे, तर या धंद्यातली सगळ्यात खात्रीची चूक इथेच शिकून घ्या. ‘तिसरा रविवार’ ही काही तारीख नव्हे. तो १५ ते २१ जुलैच्या दरम्यान कुठेही पडतो. २०२३ मध्ये तो १६ ला होता, २०२४ मध्ये २१ ला, २०२५ मध्ये २० ला. तुमची पद्धत सोपी ठेवा: गेल्या वर्षीचं चित्र शोधा, त्यावरचं साल खोडा आणि त्याच तारखेला पुन्हा टाका. म्हणजे मंगळवारी रविवारचा दिवस साजरा होतो. कोणी टोकलं तर ‘तिकडे तारीख वेगळी असते’ म्हणा. हे उत्तर कुठल्याही चुकीवर लागू पडतं, आणि गंमत म्हणजे कधीकधी ते खरंही असतं. मांजराचंच बघा. १७ फेब्रुवारीला इटलीत मांजर दिन, २२ फेब्रुवारीला जपानमध्ये, ८ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय, २९ ऑक्टोबरला अमेरिकेत. जपानी तारखेला निदान कारण आहे. दोनला तिथे ‘नी’ म्हणतात आणि २/२२ मधले तीन दोन म्हणजे ‘न्यान न्यान न्यान’, अर्थात जपानी मांजराचं म्याव. एकच फोटो वर्षातून चार वेळा वापरता येतो. मांजराची हरकत नसते.

दुसऱ्यांचे दिवस वाटून कंटाळा आला की स्वतःचा दिवस काढा. कृती फार अवघड नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातले जॉन बाउर आणि मार्क समर्स १९९५ साली रॅकेटबॉल खेळत होते. खेळताना दुखलं, तोंडातून समुद्री चाच्यासारखी आरोळी निघाली आणि ‘चाच्यांसारखं बोला’ दिवसाची कल्पना जन्मली. तो दिवस होता ६ जून. पण ६ जून म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीवरच्या चढाईचा दिवस, तिथे थट्टा बरी दिसणार नाही. मग १९ सप्टेंबर ठरला, कारण ती समर्स यांच्या घटस्फोटित पत्नीची जन्मतारीख होती आणि त्यामुळे लक्षात राहणारी होती. सात वर्षं हा दिवस मित्रमंडळींच्या पलीकडे फारसा गेला नाही. २००२ मध्ये विनोदी स्तंभलेखक डेव्ह बॅरी यांनी त्यावर लिहिलं आणि तो जगभर झाला. यातून घ्यायचं ते नीट घ्या. तारखेमागे इतिहास नसला तरी चालतो, पण स्तंभलेखक लागतो.

स्तंभलेखक हाताशी नसेल तर सूत्र लागेल. जानेवारीचा तिसरा सोमवार हा वर्षातला सर्वांत उदास दिवस, ‘ब्लू मंडे’, हे तुम्ही दरवर्षी पुढे ढकलत असालच. ते २००५ मध्ये एका ब्रिटिश पर्यटन कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकातून आलं. सूत्रात हवामान, कर्ज, नाताळ उलटून गेलेला काळ, मोडलेले संकल्प असं सगळं घातलेलं आहे. हवामान कोणत्या एककात मोजायचं आणि त्यातून कर्ज वजा कसं करायचं, याला उत्तर नाही. उदास माणूस सहलीचं तिकीट काढतो, एवढं समीकरण मात्र पक्कं. तुमचं सूत्रही असंच ठेवा: किमान एक ग्रीक अक्षर, एक कंस आणि विकायला एक वस्तू.

सूत्रही नको असेल तर घाऊक भावात काढा. थॉमस आणि रूथ रॉय या अमेरिकी दाम्पत्याने असे कितीतरी दिवस एकहाती काढले. त्यात ७ एप्रिलला घरकाम न करण्याचा दिवस आहे आणि ८ ऑगस्टला शेजाऱ्याच्या ओट्यावर गुपचूप झुकिनी (काकडीसारखी दिसणारी फळभाजी) ठेवून यायचा. (८ ऑगस्ट म्हणजे मांजरांचाही दिवस. आधी कोणाला न्याय द्यायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा.) फक्त एक खबरदारी घ्या. दिवस काढणारा माणूस पुढे जाऊन तत्त्वनिष्ठ निघता कामा नये. ॲना जार्व्हिस यांनी १९०८ मध्ये मातृदिन सुरू केला, १९१४ मध्ये अध्यक्ष विल्सन यांच्याकडून त्याला मान्यताही मिळाली. त्यानंतर फुलं आणि तयार भेटकार्डं यांचा बाजार पाहून त्या इतक्या संतापल्या की उरलेलं आयुष्य त्यांनी त्याच दिवसाविरुद्ध भांडण्यात घालवलं. अशा माणसांमुळे खप घटत नाही, पण पोस्टचा मूड जातो.

आता वाढदिवस. इथे भाषाच तुम्हाला पहिला खड्डा खणून देते. जिवंत माणसाचा वाढदिवस, गेलेल्याची जयंती. पहिल्याला शुभेच्छा, दुसऱ्याला अभिवादन. ‘पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा’ हे वाक्य वापरून आता गुळगुळीत झालंय. त्यापेक्षा हयात अभिनेत्याला ‘विनम्र अभिवादन’ लिहा आणि खाली समईचं चित्र टाका. दुपारपर्यंत त्याच्या चाहत्यांनी तुम्हाला प्रसिद्ध केलेलं असेल.

जन्मतारखा मिळवायच्या कुठून? यंत्राकडून. ज्यांचं फक्त जन्मसाल ठाऊक आहे, अशांची नोंद कित्येक माहितीसाठ्यांत १ जानेवारी म्हणून साठवली जाते. शेजारी ‘ही अचूकता वर्षापुरतीच’ अशी खूण असते. तारखा उपसून नेणारे ती खूण मागेच ठेवतात. त्यामुळे मध्ययुगीन कवी, विस्मृतीतले चित्रकार आणि दुय्यम सरदार १ जानेवारीला एकदम जन्माला येतात. ‘या एका तारखेत काय जादू आहे बघा!’ असं लिहा. कोणाचा जन्म १ जानेवारी १९७० चा दिसला, तर तो संगणक जिथून काळ मोजायला लागतो तो शून्य बिंदूही असू शकतो, म्हणजे तारखेची जागा मोकळी होती. त्यालाही शुभेच्छा द्या. जागा मोकळी असली तरी मन दुखावू नये.

योगायोग हे तुमचं ब्रह्मास्त्र. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी, १६४२ मध्ये, न्यूटन जन्मला, म्हणजे एका हातातली मशाल दुसऱ्या हातात गेली, हे फार सुंदर वाक्य आहे. ते सुंदर ठेवण्यासाठी दोन कॅलेंडरं लागतात. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ हा ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो त्या पंचांगाचा. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ हा ज्युलियन, म्हणजे त्याआधीच्या जुन्या पंचांगाचा, कारण इंग्लंडने नवं कॅलेंडर तेव्हा घेतलेलं नव्हतं. दोघांना ग्रेगोरियनमध्ये बसवलं तर न्यूटन ४ जानेवारी १६४३ ला जन्मतो. दोघांना ज्युलियनमध्ये बसवलं तर गॅलिलिओ १६४१ च्या डिसेंबरातच जातो. कुठल्याही एका पंचांगात मशाल हातात पडत नाही. म्हणून दोन वापरा. २३ एप्रिल १६१६ चंही तेच. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस एकाच दिवशी गेले असं सांगत पुस्तक दिन साजरा होतो, पण इंग्लंडातला २३ एप्रिल हा स्पेनमधला ३ मे होता, आणि सर्व्हान्टिस २२ ला गेला, २३ ला त्याचं दफन झालं. शेक्सपिअरचा जन्मही २३ एप्रिलचाच, असं पुढे जोडून द्या. कागदावर फक्त २६ एप्रिल १५६४ चा बाप्तिस्मा आहे. तीन दिवस मागे मोजायला कोणाचं काय जातं?

खरे योगायोग मात्र टाळा. लिंकन आणि डार्विन दोघेही १२ फेब्रुवारी १८०९ चे, हे तपासलं तरी खरंच निघतं, आणि मग वाद होत नाही. गणिताच्या फंदातही पडू नका. २३ माणसं जमली की त्यातल्या कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या वर जाते, ५७ माणसांत ती ९९ टक्क्यांवर पोहोचते. हे कळलेला माणूस ‘विश्वाची योजना’ म्हणत नाही, नुसती मान डोलावतो. त्याला कळू देऊ नका. अगदी तुमच्याच तारखेचा सोबती निम्म्या शक्यतेने सापडायला मात्र २५३ जण लागतात. तेवढे तुमच्या ग्रुपवर असतीलही. आतापर्यंत सोडून गेले नसतील तर.

२९ फेब्रुवारी वर्षानुवर्षं येत नाही, त्यामुळे तिचं सोनं करा. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे, ९९ वर्षं जगले. भागिले चार, म्हणजे २४ वाढदिवस, असं ठोकून द्या. बरोबर उत्तर २३ आहे. चारने भाग जात असूनही १९०० हे लीप वर्ष नव्हतं, शतकी वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो, त्यामुळे मोरारजींचा पहिला खराखुरा वाढदिवस उजाडला तो आठव्या वर्षी, १९०४ मध्ये. संगीतकार रॉसिनी १७९२ चा. त्याच्या १७९६ आणि १८०४ या वाढदिवसांत अशीच आठ वर्षांची पोकळी आहे. एवढं सांगेपर्यंत वाचणारा पुढच्या पोस्टवर गेलेला असतो. ‘२४’ एका क्षणात वाचून होतं.

शुभेच्छा द्यायला उशीर झालाच, तर घाबरू नका. पृथ्वीवर एक तारीख ५० तास जिवंत असते. किरिबातीच्या पूर्वेकडच्या बेटांवर ती सर्वांत आधी उगवते आणि पॅसिफिकमधल्या एका निर्मनुष्य बेटावर सर्वांत शेवटी मावळते. दुसऱ्या दिवशी दुपारी शुभेच्छा देऊन ‘बेकर बेटावर अजून कालच आहे’ असं बिनदिक्कत सांगा. एकच अपवाद. ज्या सामोआवासीयांचा वाढदिवस ३० डिसेंबरला असतो, त्यांना २०११ सालच्या शुभेच्छा पाठवायच्या राहिल्या असतील तर राहू द्या. त्या देशाने आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलताना तो दिवस कॅलेंडरातून गाळलाच होता.

उरला प्रश्न एकच. एखाद्या तारखेला काहीच सापडलं नाही तर? सापडतं. हॅरल्ड कॉफिन नावाच्या अमेरिकी स्तंभलेखकाने या सगळ्याला वैतागून एक तारीख मुद्दाम मोकळी ठेवायचं ठरवलं: १६ जानेवारी, ‘नॅशनल नथिंग डे’. काही साजरं करायचं नाही, कोणाचा गौरव करायचा नाही, नुसतं बसायचं. १९७३ पासून तो दरवर्षी पाळला जातो, कॅलेंडरांत छापला जातो आणि ‘आजचा दिवस तुम्ही कसा साजरा करताय?’ या प्रश्नासह पुढे ढकलला जातो. त्याच तारखेला अमेरिकेत धर्मस्वातंत्र्य दिनही असतो. शिवाय १६ जानेवारी सोमवारी आली, की ती जानेवारीचा तिसरा सोमवार ठरते, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी आणि ब्लू मंडे हे दोन्ही त्या रिकाम्या तारखेवर येऊन बसतात. २०२३ मध्ये असं झालं होतं. पुढचा योग २०३४ चा आहे. चित्र आत्ताच करून ठेवा, साल तेवढं नंतर टाकता येईल.