बायजू रवींद्रन: त्या फॉरवर्डमध्ये खरं किती?

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर ‘बायजूज’ या शिकवणीच्या ॲपच्या संस्थापकाबद्दल एक मेसेज फिरतोय. सारांश असा: ‘बायजू रवींद्रन, केरळच्या खेड्यातला गरीब पोरगा. डिग्रीच्या नादी लागला नाही. एक ॲप काढलं आणि 22 अब्ज डॉलरची कंपनी उभी केली. क्रिकेट बोर्डाच्या 158 कोटींपायी आणि परदेशी लोकांच्या कटामुळे ती बुडाली. पण क्लासचे दिवस संपले हे त्याने दाखवून दिलं. मुलाला मोबाईल द्या, बाकी तो बघून घेईल.’ मी गणिताच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे जो तो ‘सर, वाचलं का?’ म्हणून मलाच पाठवतो. वाचलं. आता उत्तर.

डिग्रीचं सपशेल खोटं. बायजू इंजिनिअर आहेत, शिपिंग कंपनीत नोकरीही केली. ‘गरीब’सुद्धा ओढूनताणून. कण्णूर जिल्ह्यातल्या अळीकोडमध्ये वडील भौतिकशास्त्र शिकवायचे, आई गणित, आणि मुलगा त्यांच्याच मलयाळम माध्यमाच्या शाळेत. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात आई दिवसभर विड्या वळते आणि बाप यंत्रमागावर असतो; तिथल्या पोराला घरात गणित विचारायला कोण असतं?

‘एक ॲप काढलं’ म्हणताना मेसेज बारा वर्षं गिळून टाकतो. 2003 मध्ये त्यांनी कॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा दिली, 100 पर्सेंटाइल मिळवले, मित्रांनाही शिकवलं. 2007 पासून रीतसर क्लास, पुढे तर स्टेडियम भरून विद्यार्थी. कंपनी 2011 ची, सोबत एकेकाळच्या विद्यार्थिनी दिव्या गोकुलनाथ. ॲप आलं 2015 मध्ये. म्हणजे आधी मास्तर, मग ॲपवाला. माणूस शिकवण्यात वाकबगार होता, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

आता 158 कोटी. क्रिकेट बोर्डाची ही थकबाकी खरी. टीम इंडियाच्या जर्सीवर 2019 पासून त्यांचं नाव होतं, आणि याच थकबाकीवरून जुलै 2024 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पण तेवढ्याने कंपनी बुडाली म्हणणं म्हणजे हिशोबाची वही न उघडता शेवटचं बिल वाचणं. 2020-21 चा तोटा 4,588 कोटी. तो आकडासुद्धा बाहेर आला सप्टेंबर 2022 मध्ये. 2021-22 मध्ये उत्पन्न 5,298 कोटी आणि तोटा 8,245 कोटी. 158 यात कुठे बसतात बघा! ऑक्टोबर 2022 मध्ये सुमारे 2,500 जणांना कमी करणार असं जाहीर केलं, आणि नोव्हेंबरमध्ये फुटबॉलपटू मेस्सीला ब्रँडचा चेहरा म्हणून करारबद्ध केलं. जून 2023 मध्ये हिशोब वेळेत मिळत नाहीत म्हणून ऑडिटर डेलॉइट बाहेर पडली, संचालक मंडळातले गुंतवणूकदारांचे तीन प्रतिनिधीही गेले. बोर्डाशी तडजोड झाली होती, पण ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मान्य करणारा आदेश रद्द केला.

ते रद्द करून घेतलं अमेरिकी कर्जदात्यांच्या वतीने, म्हणून ‘कट’. अहो, 2021 मध्ये 1.2 अब्ज डॉलरचं कर्ज यांनीच उचललं होतं. सावकार वसुलीला आला की तो शत्रू, आणि पैसे देताना?

क्लासचे दिवस संपले असते तर याच कंपनीने 2021 मध्ये जवळपास एक अब्ज डॉलर मोजून आकाश कशाला घेतली असती? 1988 पासूनचे क्लास ते. 2022 मध्ये तर स्वतःचीच ट्यूशन सेंटरं उघडली.

आणि ‘मोबाईल द्या’चं. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने पालकांच्या गळ्यात कोर्स मारण्याच्या आरोपांवरून बायजूंना समन्स काढलं होतं. असा गळ्यात मारलेल्या कोर्सचा एक कागद मी जवळून पाहिलाय. कंपनी ही नव्हे, दुसरीच. टॉवेल कारखान्यातले एक वडील घेऊन आले होते. मुलाने टॅब बंद करून ठेवला होता, हप्ता मात्र खात्यातून कापला जात होता. त्यांना वाटत होतं आपण फी भरतोय. कागदावर फायनान्स कंपनीचं नाव होतं, खाली त्यांची सही, आणि कोर्स सोडला तरी कर्ज फेडायचं असं बारीक इंग्रजीत छापलेलं. मी ते मराठीत वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘मग टॅब परत घेतील का?’ तेही त्यात नव्हतं.